मागलीले विचारा

आमच्या सरांनी जन्मात एकही मोठा फुटबॉल क्लब डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण पन्नासेक क्लब नापास केले होते. खेळात नाही हो! कोण जिंकलं, कोण हरलं याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. पगार देऊन खेळाडू ठेवणारे हे मोठमोठे क्लब आपला मुख्य कोच कसा निवडतात, एवढ्या एकाच विषयाचे ते परीक्षक होते. आणि परीक्षक म्हणून नेमलं कोणी म्हणाल, तर त्यांचं त्यांनीच.

वणीकडच्या आमच्या शाळेत ते पी.टी.चे मास्तर होते. एका वर्षी शाळेनं प्रगतिपुस्तकाचा नमुना बदलला आणि जुन्या कोऱ्या प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे रद्दीत निघाले. सरांनी ते उचलून खेळाच्या खोलीत आणून ठेवले. तेव्हापासून कुठल्याही देशातल्या क्लबनं कोच हाकलून नवा आणला, की सर त्यातलं एक काढायचे. 'विद्यार्थ्याचे नाव' इथे क्लबचं नाव. 'मराठी' खोडून 'विचारपूस'. 'गणित' खोडून 'धीर'. 'विज्ञान' खोडून 'खरं बोलणं'. आणि 'इतिहास' खोडून लिहायचे, 'मागचा पाहिला काय?' या शेवटच्या विषयात झाडून सगळे क्लब नापास. खाली लाल शाईनं शेरा: 'पाल्य फार घाई करतो.' 'पाल्य देखाव्याला भुलतो.' 'पाल्याचे लक्ष दुसऱ्याच्या वहीत.' त्याच्याही खाली दोन छापील ओळी होत्या, 'पालकाची सही' आणि 'पाल्याशी नाते'. त्या मात्र सरांनी कधी भरल्या नाहीत.

"सर, सही कोन करन?" आम्ही पोरी मुद्दाम विचारायचो.

"तेच त ना बापा," सर म्हणायचे. "या क्लबाईले मालक हायेत. मायबाप कुठी हायेत? मायबाप असते त असे वागले असते काय?"

आम्ही पोट धरून हसायचो. सरांना हसण्याचा राग नसायचा. राग यायचा तो कुणी "पण सर, तो नवा कोच जिंकून राह्यला ना" असं म्हटलं की. मग त्यांची ती लोकरी टोपी, जी ते मे महिन्यातसुद्धा घालायचे, डोक्यावरून निघायची आणि हातात यायची.

"जिंकला म्हनून पास नाही करत मी! पहिल्या कोचच्या टायमाले पाच मॅचीत बॉल पोस्टले लागला. त्याले हाकललं. दुसऱ्याच्या टायमाले बॉल आत गेला. सगळे म्हनतात, वा वा, काय कोच आनला! अरे, पोस्ट त तोच हाये ना? कोच बरा का वाईट, हे मी पाहूनच नाही राह्यलो. निवडनाऱ्यानं काय पाह्यलं, ते मी पाहून राह्यलो."

तडकलेल्या काचेचा एक मोबाईल होता त्यांच्याकडे. त्यावर बातमी वाचून ते ग्राउंडवर असे यायचे, की वाटावं नात्यातलं कुणी गेलं. "हाकलला! तीन महिन्यांत हाकलला! आता पाहा, पह्यला रागीट होता म्हनून आता गरीब आनतीन. गरीब चालला नाही का परत रागीट." आणि खरंच, पंधरा दिवसांनी फोटोत एक गरीब चेहऱ्याचा माणूस क्लबचा मफलर हातात धरून उभा असायचा. सर तो फोटो आम्हा सगळ्यांना दाखवायचे. पुढाऱ्यानंही मतमोजणी एवढ्या समाधानानं पाहिली नसेल.

सर बंजारा. स्वतःला गोर म्हणायचे. त्यांच्या आज्याचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून फिरायचा. लादलेल्या बैलांच्या त्या रांगेला लदेणी म्हणायचे. शेकडो बैल, एकामागं एक, आणि सगळी भिस्त पुढं चालणाऱ्या एका बैलावर. तो बैल कसा निवडायचे ही गोष्ट सरांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. सांगताना ते स्वतः चालून दाखवायचे.

"शिंगं पाहून? नाही. ताकद पाहून? नाही. नव्या बैलाले पुढं लावायचे आन् आमचा बुढा, आज्याचा बाप, मुक्कामाच्या जागी रस्त्याच्या कडेले बसून राहे. पुढचा आला त त्याच्याकडं पाहे बी नाही. सगळी लदेणी जाऊ दे. शेवटचा बैल आला का मंग उठे. याच्या तोंडाले फेस हाये काय? हा लंगडून राह्यला काय? चारा टाकला त खाऊन राह्यला काय? मागचा बैल कान हालवत आला, त पुढचा बरोबर. मागचा थकून बसला, त पुढचा कितीबी देखना असो, उद्या बदला." मग टोपी झटकायचे. "आन् हे क्लबवाले काय करतात? कोचले हॉटेलात बसवतात, चहा पाजतात, आन् शिंगं पाह्यत बसतात. त्यानं ज्या पोराले खेळवलंच नाही, त्याले एक फोन लावा म्हना ना!"

म्हणून शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, मागचे सर. आणि वागणंही तसंच. रांगेत शेवटी चालणार. पंगतीत शेवटी जेवणार, भाजी संपली तर संपली. एकदा आमची टीम कळंबला सामने खेळायला गेली होती तेव्हा चिंतामणीच्या देवळात नेलं. तिथे गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. आम्ही सगळ्या धडाधड खाली, दर्शन घेऊन वर, तरी सर वरच्या पायरीवर उभेच. आरती सुरू झाली आणि त्यांना आत जाताच आलं नाही. "माह्यं दर्शन झालं," म्हणाले, "तुम्ही सगळ्या वर आल्या ना."

मी पुढे एसटीत कंडक्टर झाले. आता माझी बदली उमरखेडला झाली आहे, पण वणी-यवतमाळ गाडीवर होते तेव्हा निवृत्त झालेले सर आपल्या तांड्याच्या फाट्यावरून चढायचे. ज्येष्ठांसाठी राखीव सीट पुढे रिकामी असली तरी हे गृहस्थ थेट मागच्या सीटवर. त्या रस्त्यावर मागची सीट म्हणजे काय, हे हाडांना विचारा! मी ओरडायची, "सर, पुढे बसा ना, कंबर मोडन!" तर म्हणायचे, "मागून सगळे दिसतात वं." आता ढाणकीच्या गाडीवर मागची सीट रिकामी दिसली की मला उगीच वाटतं, तिथे टोपी दिसेल.

पण मला सांगायचं आहे ते वनिताचं. वनिता राजूरची, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची पोरगी. शाळेच्या टीमची कॅप्टन. बोलणं म्हणजे विचारलं तेवढंच. मी आपली कापूस-तुरीच्या घरची, खाऊन-पिऊन सुखी, आणि टीममध्ये डावी बॅक. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत कच्ची मीच होते.

यवतमाळला जिल्ह्याची फायनल होती. सरांची एक अजब रीत होती, फायनलची टीम ते निवडायचे नाहीत, कॅप्टन निवडणार. सकाळी ग्राउंडवर वनिता सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू आज बाहेर."

"काहून?"

"तू भेली का बॉल मागं देते. त्यायची सात नंबर लय चपळ हाये. आज मागं द्याले जागा नाही." मग म्हणाली, "तू आपल्या गोलच्या मागं उभी राह्य. सात नंबर कुठी सरकून राह्यली ते वरडून सांग. तुह्याएवढा आवाज कोनाचाच नाही."

माझ्या जागी तिनं सातवीतली एक नवी पोरगी घेतली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू! घरचे सगळे टेम्पो करून मॅच पाहायला आले होते, आणि मी गोलच्या जाळीमागं उभी. आता जे सांगते ते मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ओरडले नाही. सात नंबर डावीकडे सरकताना मला स्पष्ट दिसली. ती नवी पोरगी तिच्याकडे पाठ करून उभी होती. एक हाक मारायची होती फक्त. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. गोल झाला, आणि त्या एका गोलनं आम्ही हरलो.

वनितानं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला कळलं होतं. पण परतीच्या गाडीत सगळ्या पोरींसमोर ती सरांना म्हणाली, "टीम मी निवडली होती. चूक माही." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी ग्राउंडवर जाणं बंद केलं. वनिता रोज सकाळी सायकलवर आमच्या गावी यायची. बॉल घेऊन आमच्या खळ्यात उभी राहायची. मी बाहेर यायची नाही. आई म्हणायची, "अवं, ते पोट्टी उन्हात उभी हाये, काही लाज?" अकरा दिवस आली. बाराव्या दिवशी मी गेले बाहेर, शिव्या द्यायलाच गेले होते. तिनं बॉल माझ्या पायाकडे सरकवला आणि म्हणाली, "उजव्या पायानं दे. तुहा उजवा पाय भेकड हाये, तू नाही." त्या उन्हाळ्यात तिनं माझा उजवा पाय दुरुस्त केला. गोलचा विषय काढला नाही. मीही नाही काढला.

पुढे वनितानं कोचिंगच्या परीक्षा दिल्या आणि बाहेरगावच्या एका महिला संघाची सहायक कोच झाली. सात वर्षं सहायक. मुख्य कोचच्या जागेसाठी तिला तीन क्लबांनी बोलावलं आणि तिन्हींनी मुलाखतीनंतर नारळ दिला. तिला गोड बोलता येत नाही, इंग्रजी तर त्याहून नाही. चौथ्यांदा एका मोठ्या शहरातल्या क्लबनं बोलावलं, तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "या खेपेला नाही झालं त शिट्टी ठेवून देईन. घरी येऊन काहीबी करीन." शेवटच्या दोघींत ती होती. फक्त तिच्या जुन्या गुरूंचा, म्हणजे आमच्या सरांचा, एक शब्द हवा होता.

क्लबनं सरांना फोन केला. आणि सर काय म्हणाले असतील? "मी तिचा गुरुजी हावो. मी चांगलंच सांगन. माह्यं ऐकू नका. मागलीले विचारा." माझा नंबर दिला आणि फोन ठेवून दिला!

हे मला वनिताकडूनच कळलं. ती रडत होती. वनिता रडते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. "मी काय बिघडवलं होतं सरांचं?" एवढंच म्हणत होती.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सर गाडीत चढले, तसं तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच, मी गर्दीतून मागच्या सीटपाशी गेले. सगळी गाडी ऐकत होती, ऐकू द्या म्हटलं. "सर, तुमच्या एका शब्दानं तिचं भलं होत होतं! जन्मभर क्लबाईले नापास केलं, आता आपल्याच पोरीले नापास करता काय?"

सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माह्या शब्दावर घेतलं त दुसऱ्या कोनाच्या शब्दावर हाकलतीन. तीन महिन्यांत. तिच्या जिवावर घेतलं त दोन मॅची हरली तरी ठेवतीन. आता तू काय सांगतं त्याच्यावर हाये."

"मी? मी कोन सांगनार?"

"त्यायले मागली पाहिजे," सर म्हणाले. "दुसरी कोन हाये?"

मी परत पुढे आले. त्या दिवशी दोन प्रवाशांना चुकीची तिकिटं दिली.

फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या स्टँडवर होते. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. रिकाम्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले, मोबाईल समोर धरला. पडद्यावर तिघं जण. मधल्या बाई शहरी मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. आपण वनिताच्या मागच्या कोच ना?"

अरे देवा! सरांची 'मागली' यांनी 'आधीची' धरली होती. यांना वाटत होतं, मी कुणी मोठी कोच आहे. आदरानं बोलत होते, कागद घेऊन तयार होते. एक क्षण वाटलं, हो म्हणून टाकावं. चार चांगली वाक्यं ठोकावीत, वनिताचं काम फत्ते. जीभ अगदी टोकावर आली होती. पण मी सरांच्या सीटवर बसले होते ना, पंचाईत तिथेच झाली.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "मी एसटीत कंडक्टर आहे. वनितानं मला शाळेच्या टीममधून काढलं होतं."

तिघं एकमेकांकडे पाहू लागले. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "फिर आपका नंबर क्यों दिया?"

"इसीलिए दिया."

मग मी सांगितलं. सगळं. आवाज माझा तसाच मोठा, त्यामुळे बाहेर फलाटावरच्या लोकांनीही ऐकलं असेल. ती समोर येऊन तोंडावर कसं बोलली, बाहेर बसवूनही काम कसं दिलं, आणि मी ते काम मुद्दाम कसं केलं नाही. तिला माहीत असून तिनं माझं नाव कसं घेतलं नाही. ते अकरा दिवस. तो उजवा पाय. "मला तिचा राग आला होता, अजूनही थोडा आहे," हेही सांगितलं. "पण आमच्या डेपोतल्या बायका रविवारी फुटबॉल खेळतात, त्यांची टीम मी उभी केली. ज्या बाईला बाहेर बसवते, तिला आधी तिच्यासमोर जाऊन सांगते. हे मला कुणी शिकवलं, ते तुम्हीच समजा." माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची काही पर्वा नव्हती.

चष्मेवाल्यांनी शेवटी विचारलं, "आज वो कोच हो, और आपको फिर बाहर बिठाए, तो?"

"तर बसीन," मी म्हटलं. घाईत आमची बोलीच तोंडात आली. "पन या खेपेला वरडीन."

आठ दिवसांनी वनिताचा फोन आला. "झालं वं," म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू काय सांगितलं त्यायले?"

"खरं सांगितलं."

"सगळं?"

"गोलचं बी."

"येडी," ती म्हणाली, आणि हसली की रडली ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. सर चढले, मागे जाऊन बसले. मी धावतच गेले. "सर! निवडली तिले!"

"बरं झालं," सर म्हणाले. तोंडावर काही फारसं नाही. पिशवीतून एक जुनं प्रगतिपुस्तक काढून माझ्या हातात दिलं. त्या क्लबचं नाव. विचारपूस, पास. धीर, पास. खरं बोलणं, पास. 'मागचा पाहिला काय?' याच्यासमोर पहिल्यांदाच लाल शाईत 'होय' होतं. शेरा: 'पाल्याची प्रगती समाधानकारक.'

"निवडली म्हनून पास केलं ना, सर?" मी चिडवलं.

"छट्. त्यायनं तुले फोन लावला त्याच दिवशी भरलं हे. नसती निवडली तरी पासच होते."

मी ते उलटंसुलटं करून पाहत राहिले. मग विचारायचं धाडस केलं. "सर, त्या फायनलचं... मी वरडली नाही, हे तुम्हाले माहीत होतं?"

"मी बी गोलच्या मागंच होतो ना बापा," सर म्हणाले. "तुह्या दहा पावलं मागं." आणि खिशातलं पेन काढून पुढं केलं. "घे. सही कर. इतकी वर्षं ते ओळ रिकामी ठेवली."

पुढून ड्रायव्हर ओरडला, "ओ मॅडम, निघायचं का इथंच मुक्काम?" मी प्रगतिपुस्तक सीटच्या पाठीवर टेकवलं आणि 'पालकाची सही' या ओळीवर सही केली. सरांनी बोटानं खालची ओळ दाखवली, 'पाल्याशी नाते'.

"इथी काय लिहू?"

"तुलेच माहीत."

मी लिहिलं, मागली. मग दोरी ओढून दोन घंट्या दिल्या.